दोनदा नाकारलेलं छप्पर

ऑर्लिन हॉगेरूडच्या आजोबांनी बांधलेल्या गोल गोठ्यावर सरकार नवं छप्पर घालून देणार होतं, आणि ऑर्लिननं ते फक्त दोनदा नाकारलं होतं. लोरिंग काउंटीत दोनदा नाकारणं म्हणजे जवळजवळ हावरटपणानं होकार देणंच. एवढ्यावरून समोरच्याला कळायला हवं. पण छप्पर घेऊन आलेली बाई दूर पूर्वेकडच्या न्यू जर्सीची निघाली.

बाईंचं नाव कार्ला डिरोसा. राज्याच्या राजधानीतल्या जुन्या इमारतींच्या खात्यात त्या नव्यानं लागल्या होत्या आणि ऑगस्टचे तीन आठवडे त्यांनी काउंटीतली चर्चं, एकखोली शाळा, लोण्याचे कारखाने आणि गोठे मोजत घालवले होते. ऑर्लिनच्या गोठ्यात त्या आल्या त्या आधी भिंतीच्या कडेनं एक फेरी मारून आल्या. मग माळ्यावर चढल्या आणि चांगल्या कपड्यांनिशी गवतात उताण्या पडून वर बघत राहिल्या. ऑर्लिननं ते पाहिलं. बाप वारल्यापासून त्या छपराकडे असं पडून बघणारा तो एकटाच उरला होता. आर्डिसला, म्हणजे बायकोला, हे माहीत नाही असं तो धरून चालत असे.

छप्पर बघण्यासारखं होतंच. पोकळ विटांची गोल भिंत, मधोमध त्याच विटांचा मुरघासाचा मनोरा, आणि या दोघांवर उपडं घातलेलं घुमटासारखं लाकूडकाम. आत एकही खांब नाही. आजोबा पेडर हॉगेरूड यांनी १९१२ साली पातळ फळ्या पाण्यात भिजवून, वाकवून, एकावर एक ठोकून कमानी केल्या होत्या आणि त्या साऱ्या एकमेकींना टेकवून ठेवल्या होत्या. खाली बत्तीस गाई मनोऱ्याकडे तोंड करून गोलात उभ्या राहायच्या, एखाद्या मंडळाच्या सभेला बसल्यासारख्या. गाई विकून आता आठ वर्षं झाली होती. जूनच्या वादळानं पश्चिमेकडच्या लाकडी पट्ट्या उडवून नेल्या होत्या आणि तीन कमानी कुजल्या होत्या. टोल्गा गावचा सुतार येऊन बघून गेला. याहून वाईट पाहिलंय, असं तो म्हणाला, आणि दहा मिनिटांनी गाडीत बसताना म्हणाला की फार वेळा नाही पाहिलं. एक जड हिमवर्षाव झाला की तीन कमानी जातील, आणि तीन गेल्या की टेकायला कुणी न राहिल्यानं बाकीच्याही जातील, हे सांगायला सुताराची गरज नव्हती. दुरुस्ती ऑर्लिनच्या आवाक्यातली नव्हती.

कार्लाबाई खाली उतरल्या, कपड्यांवरचं गवतही झटकलं नाही.

"मिस्टर हॉगेरूड, यंदा या भागातल्या एकाच इमारतीचं छप्पर आम्ही बांधून देणार आहोत. ते इथं व्हावं असं मला वाटतं."

ऑर्लिननं बुटाच्या टोकानं थोडं गवत बाजूला सारलं. "छे, हे काय, जुना गोठा. त्यापेक्षा लॉवेल स्टेनबर्गकडची शाळा बघा. दगडी आहे."

"ती पाहिली. मी या गोठ्याचं विचारतेय. नक्की नको?"

"नाही, म्हणजे, गरजू असतील की दुसरे कुणी. आमचं चाललंय."

चाललेलं छपराच्या ज्या भोकातून दिसत होतं तिकडे बाईंनी एकदा पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. तुमच्या मताचा मी आदर करते, असं त्या म्हणाल्या. ऑर्लिन त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. वाटेत रस्त्यांची डागडुजी, मका आणि यंदाचे डास यांवर बोलणं झालं. बाईंनी गाडीचं दार उघडलं. आता, असं ऑर्लिनच्या मनात आलं. तिसऱ्यांदा विचारतात ते नेहमी गाडीच्या दाराशीच. त्याच्या समजुतीप्रमाणे गाड्यांना दारं असतात ती त्यासाठीच. बाईंनी पट्टा लावला, कॉफीबद्दल आभार मानले आणि त्या गेल्या. धुरळा मोठ्या रस्त्याला लागून दिसेनासा होईपर्यंत तो उभा होता. काहीतरी विसरलं म्हणून त्या परत येतील, अशी थोडी शक्यता होती.

आर्डिस कॉफीचं दुसरं भांडं घेऊन बाहेर आली.

"गेली?"

"गेली."

"तिसऱ्यांदा?"

"विचारलंच नाही."

आर्डिसनं भांडं कुंपणाच्या खांबावर ठेवलं. "बाहेरची दिसते," ती म्हणाली. त्या महिन्यात कुणाहीबद्दल तिनं काढलेला हा सगळ्यात कडक शब्द होता.

हा नियम कुणी कुठं लिहून ठेवलेला नाही, कारण लिहिणाऱ्याला आपण नियम सांगतोय असं वाटून लाज वाटली असती. पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा विचारतात ते पहिलं ऐकू गेलं नसेल म्हणून. तिसऱ्यांदा विचारतात तो खरा आग्रह, आणि त्याला 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' असं उत्तर देता येतं. ऑर्लिननं आर्डिसला लग्नाचं पहिल्यांदा मार्चमध्ये विचारलं होतं, दुसऱ्यांदा मे महिन्यात. तिसरी वेळ ऑक्टोबरात आली, कारण मध्ये पेरणी, कापणी आणि एक विहीर निघाली. त्या पाच महिन्यांत आर्डिसनं टोल्ग्याच्या दोन चांगल्या मुलांना नकार दिला होता आणि पडदे शिवून ठेवले होते. ही गोष्ट तिनं नवऱ्याला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी सांगितली, तीही विषय दुसराच चालला असताना.

काउंटीचा इतिहासही खरं म्हणजे न आलेल्या तिसऱ्या आग्रहांचाच इतिहास आहे. शंभरीनिमित्त काढलेल्या हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात तो चारशे बारा पानांत दिला आहे. अडतिसाव्या पानावर १८७१ सालची हकिकत आहे: रेल्वे कंपनीचा माणूस टोल्ग्याला आला, गावातून रूळ नेऊ का असं त्यानं पंचांना विचारलं, पंच म्हणाले उगाच तुम्हाला त्रास. त्यानं जेवणानंतर पुन्हा विचारलं, पंच म्हणाले दुसऱ्या गावांनाही हवी असेल. तो माणूस शिकागोचा होता. रेल्वे पलीकडच्या ड्युरँड काउंटीत ब्रिस्टोला गेली. तिथं जर्मन लोक राहतात आणि ते पहिल्याच विचारण्याला हो म्हणतात, असं इकडे थोडं खाजगी आवाजात सांगितलं जातं. एकोणचाळिसाव्या पानापासून बटाट्याचं पीक सुरू होतं. ब्रिस्टोला मग विटांचा बाजार झाला, तीन मजली हॉटेल झालं, बियरचा कारखाना झाला. टोल्ग्याकडे काउंटीची कोर्टकचेरी आणि अकरा चर्चं आहेत. कचेरीही मागून मिळालेली नाही. तीन गावांपैकी प्रत्येकानं बाकीच्या दोघांची नावं सुचवल्यावर शेवटी राज्यानं टोपीतून चिठ्ठी काढली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खात्याचं पत्र आलं. मालकाचा नकार नोंदवून घेतला आहे. यंदाच्या छपरासाठी आता ब्रिस्टोच्या बियरच्या कारखान्याचा विचार होत आहे. अंतिम सुनावणी टोल्ग्याच्या कचेरीत दुसऱ्या गुरुवारी दुपारी दोनला. खाली बारीक अक्षरांत नियम होता. एकदा नकार नोंदला की खात्याच्या कुणाही माणसानं मालकाला पुन्हा विचारायचं नाही, कारण सरकारनं लोकांच्या मागे लागणं बरं नव्हे. मालकानं स्वतः उठून, सुनावणीत, तोंडी मागणी केली तरच नाव परत यादीत येईल.

ऑर्लिननं ते दोनदा वाचलं. स्वतः उठून. न विचारता. तोंडी. चौऱ्याहत्तर वर्षांत त्यानं वाढदिवसाला काय हवं हेसुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला दरवर्षी मोजे मिळत आणि ते त्याला आवडतात असा घरात समज होता.

"फोन कर तिला," आर्डिस म्हणाली.

त्यानं केला. बाई सुखरूप पोचल्या का, असं विचारलं. त्या पोचून दोन आठवडे झाले होते. तिकडे पाऊस आहे का, ते विचारलं, नव्हता. इकडेही नाही, असं सांगितलं. बाईंनी जरा थांबून, आणखी काही आहे का, असं चाचपत विचारलं, तर त्यानं नाही, विशेष काही नाही म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्याला घाम आला होता.

"सांगितलंस?"

"सुचवलं," ऑर्लिन म्हणाला.

दोन दिवसांनी लॉवेल स्टेनबर्ग आला. शेजारचं शेत त्याचं, आणि त्या शेतात अठ्ठावन्न नंबरची दगडी शाळा, जिच्यात दोघंही शिकले होते आणि आता लॉवेलची पेरणीयंत्रं राहत होती. चाळीस मिनिटं मक्यातल्या ओलाव्याबद्दल बोलणं झालं. मग लॉवेल जातो म्हणाला, आणि आणखी पंचवीस मिनिटं गाडीच्या दाराला हात लावून उभा राहिला. शेवटी आरशाकडे बघत म्हणाला, लोक म्हणतात की कुणीतरी त्या बाईला जाऊन सांगायला हवं. मी तसाही परवा राजधानीत जाणार आहे, दात दाखवायला.

लॉवेल खरंच गेला. दात दाखवून झाल्यावर खात्याच्या कचेरीत पाऊण तास बसला. पण दुसऱ्याच्या वतीनं मागणं म्हणजे दुसऱ्याला मागत्याच्या रांगेत बसवणं, तेव्हा त्यानं गोठ्याचं नाव न काढता वळणावळणानं सुरुवात केली. आमच्या काउंटीत बऱ्यापैकी इमारती आहेत, पण फार काही नाहीत. बाईंनी शाळेबद्दल विचारलं. लॉवेल म्हणाला, ती तर पडायलाच झालीय, तिचं काही करू नका. बाईंनी वहीत लिहिलं: शाळा, मालक तयार नाही. लॉवेल घरी येताना सगळी वाट स्वतःशीच बोलत आला. शाळेची खिडकी दुरुस्त व्हावी म्हणून तो तीस वर्षं कुणीतरी विचारण्याची वाट बघत होता.

सुनावणीला कचेरीचं दालन भरलं होतं. सगळे मागच्या रांगांत बसले होते, कारण पुढं बसणं म्हणजे आपल्याला काहीतरी हवंय असं दिसलं असतं. पुढच्या रांगेत एकच माणूस होता, रेनहोल्ड केम्पर, बियरच्या कारखान्याचा मालक, पांढऱ्या मिशांचा, पाय लांब करून. समोर टेबलाशी राज्याच्या समितीचे तिघे, शेजारी कार्लाबाई, आणि अध्यक्षस्थानी मर्लिस ग्यूलिक. काउंटीच्या पंचमंडळाच्या त्या बावीस वर्षं अध्यक्ष होत्या. दर निवडणुकीत त्यांना दुसऱ्या कुणीतरी उभं राहावं असं मनापासून वाटत असे.

कार्लाबाई उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. म्हणाल्या, मी चार राज्यांत काम केलंय. कुठं लोकांनी माझ्याशी भांडण केलं, कुठं कुत्रं सोडलं. पण आपल्या जुन्या वास्तूंबद्दल इतकी अनास्था असलेली काउंटी मी पाहिली नाही. माझ्या यादीत अकरा इमारती होत्या. अकराही मालकांनी त्या फार काही नाहीत असं सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, त्यातला एक गोठा मला माझ्या आयुष्यात पाहिलेल्या चार सुंदर जागांपैकी एक वाटला होता.

मागच्या रांगांत सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. इतकी मोठी स्तुती आणि तीही उघड्यावर. काही बायकांना बाईंची काळजी वाटली.

मग केम्पर उठला. "कारखान्याचं छप्पर गळतंय. आम्हाला हवंय. गेल्या वर्षीही हवं होतं." आणि बसला. संपलं. त्यानं भर सभेत सदरा काढला असता तरी टोल्ग्याच्या लोकांनी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं नसतं.

मर्लिसनं कॉफीसाठी पंधरा मिनिटं सुट्टी दिली. आर्डिस आणि चर्चच्या बायकांनी लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. ताट रिकामं होत आलं तेव्हा शेवटची वडी राहिली, आणि नेहमीचं काम सुरू झालं. कुणीतरी ती अर्धी कापून अर्धी घेतली. पुढच्यानं उरलेल्या अर्धीची अर्धी घेतली. त्यापुढच्यानं सुरी मागून घेतली. कार्लाबाई हातात कप धरून बघत होत्या. ताटात नखाएवढा तुकडा उरला, आणि एक सत्तरीचे गृहस्थ त्याचेही दोन करायच्या प्रयत्नात होते.

"हे काय चाललंय?" त्यांनी आर्डिसला हळूच विचारलं.

आर्डिसनं सांगितलं. आधी वडीबद्दल, मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेबद्दलही. रेल्वेबद्दल सांगितलं. पडद्यांबद्दल नाही सांगितलं. कार्लाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वही उघडली आणि अकरा नकार एकेक करून वाचले, जणू भाषांतर करत असल्यासारखे.

"म्हणजे त्यांना हवं होतं?"

"मी त्यांच्या वतीनं कसं सांगणार," आर्डिस म्हणाली, "पण माणूस घरात जेवत नाही नीट."

"मला आता विचारता येत नाही. नियम आहे."

"वाचलाय आम्ही," आर्डिस म्हणाली.

दालनाच्या दुसऱ्या टोकाला, कॉफीच्या पिंपाशी, केम्परनं ऑर्लिनला गाठलं होतं. केम्पर चांगला माणूस होता. त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, फक्त जे मनात असे ते तोंडात असे. तो म्हणाला, ऐकलं तुझा गोठा या थंडीत बसणार. वाईट झालं. त्या पोकळ विटा आता कुठं मिळत नाहीत. माझ्या मागच्या भिंतीला तशाच आहेत, शंभरेक फुटल्यात. गोठा पडला की विटा मला देशील?

ऑर्लिनच्या डोक्यात पुष्कळ काही आलं. पण चौऱ्याहत्तर वर्षं घासून गुळगुळीत झालेलं तोंड डोक्याची वाट बघत नाही. "घे की," ते म्हणालं. "लागतील तेवढ्या घे."

लोरिंग काउंटीतला माणूस असता तर म्हणाला असता, छे छे, कशाला, तुलाच लागतील. मग ऑर्लिन म्हणाला असता, नाही, घे. आणि तिसऱ्या फेरीला कुठंतरी विटा जागच्या जागी राहिल्या असत्या. केम्परनं हात पुढं केला. "ठरलं," तो म्हणाला. "मनोऱ्याच्यापण."

ऑर्लिननं तो हात हलवला. हलवताना त्याला आपलाच हात लांबून दिसत होता. आजोबांनी वीटन् वीट घोडागाडीतून आणली होती. सगळी काउंटी कुंपणाला टेकून बघत होती आणि म्हणत होती की बऱ्यापैकी आहे, म्हणजे हे टिकत नाही. ते एकशे दहा वर्षांवर टिकलं होतं. आणि आत्ता, कागदी कपातली कॉफी संपायच्या आत, त्यानं ते माणसाला वाईट वाटू नये म्हणून देऊन टाकलं होतं.

मर्लिसनं सगळ्यांना बसायला सांगितलं. समितीतले एक गृहस्थ कागद नीट करत म्हणाले की दुसरं नाव नसल्यानं कारखान्याचा ठराव मांडू. केम्परनं उठून कारखान्याचे नकाशे उलगडायला घेतले. पहिलं वाक्य त्याच्या मिशांतून बाहेर पडत होतं तेव्हाच मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली.

ऑर्लिन उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. एकदासुद्धा नाही. शिवाय समोर दुसरा माणूस बोलत होता. मागच्या तीन रांगांतली माणसं एखाद्याला झटका येताना पाहावं तशी वळून बघायला लागली. लॉवेलनं तर त्याला धरायला हात पुढं केला.

"माझं नाव ऑर्लिन हॉगेरूड," तो म्हणाला. दालनातल्या बहुतेकांनी त्याचा बाप्तिस्मा पाहिला होता किंवा त्यानं त्यांचा. "मध्येच बोलतोय, माफ करा." तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. "गोठा फार काही नाही. पश्चिमेकडे भोक आहे. गोल असल्यानं कुठलंही यंत्र धड बसत नाही. साफ करताना एकदा सुरुवात केली की कुठं संपवायचं कळत नाही." हे त्याला सोपं गेलं. कुणीतरी मान डोलावली. "रेनहोल्ड, मघाशी मी तुला विटा घे म्हणालो."

"हो. ठरलंय."

"ते खोटं होतं. विटा मिळणार नाहीत."

असं वाक्य त्या दालनात याआधी उच्चारलं गेलं असेल तर ते खटल्यात. आर्डिसनं पर्स घट्ट धरली. ऑर्लिनचे कान लाल झाले होते, पण आता खाली बसायची वाटही बंद झाली होती, म्हणून तो पुढंच गेला.

"माझ्या आजोबांनी त्या फळ्या पाण्यात भिजवून वाकवल्या. आमच्या हौदात. माझ्या बापानं सांगितलंय की घरातल्यांनी तो वसंत अंघोळीशिवाय काढला. मी लहानपणापासून ते छप्पर बघतोय, अजून बघून झालं नाही." त्यानं कार्लाबाईंकडे पाहिलं. "मला ते छप्पर हवंय, बाई. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाही हवंच होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टोल्ग्यात कुणाची अशी अवस्था झाली तर आपण पाहिलं नाही असं दाखवणं हीच सहानुभूती. पण कार्लाबाई लिहीत होत्या, इतक्या जोरात की कागदातून पेन पलीकडे गेलं असेल. मग त्यांनी उठून गोठ्याची माहिती वाचली: घेर, उंची, कमानींची संख्या, राज्यात असे उरलेले किती आणि बिनखांबी किती. आकडे सांगताना त्या बघत मात्र ऑर्लिनकडे होत्या. समितीच्या तिघांनी डोकी एकत्र केली. ब्रिस्टोच्या कारखान्याचं छप्पर आणखी एक हिवाळा काढील, असं त्यांच्या इंजिनियरचं मत होतं. गोठा काढणार नाही. गोठ्याला यंदा, कारखान्याला पुढच्या वर्षी. हात वर झाले, ठराव झाला. सगळ्याला चार मिनिटं लागली. टोल्ग्यातल्या कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे एवढ्यात होतं.

बाहेर पायऱ्यांवर ऑर्लिन केम्परला शोधत आला. काय बोलायचं ते त्यानं तीन प्रकारे जुळवलं होतं. केम्परनं त्याला बोलू दिलं नाही.

"हवं होतं तर आधी बोलायचं की, लेका," तो म्हणाला. "मी काय कारखाना गाडीत घालून आणला होता?" आणि पुढच्या वर्षी आमच्या सुनावणीला तू ये, दोन शब्द बोल, असंही म्हणाला. सरळ. एकदाच. ऑर्लिन येतो म्हणाला, आणि आपण इतक्या लवकर हो म्हणालो हे त्याला गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

तरी घरी जाऊन त्याला लाज वाटलीच. शुक्रवारी तो गावात कॉफीला गेला नाही. लोक काय म्हणत असतील, असं त्यानं आर्डिसला विचारलं. आर्डिस म्हणाली की सकाळी दुकानात मर्लिस भेटली होती आणि म्हणत होती, ऑर्लिन बरंच स्पष्ट बोलला. ऑर्लिननं डोळे मिटून घेतले. पण आर्डिस पुढं म्हणाली की मर्लिसनं त्यानंतर पंधरा मिनिटं कचेरीच्या घड्याळाबद्दल सांगितलं. ते १९६४ पासून बंद आहे आणि तिला ते चालू झालेलं हवंय. हवंय, असाच शब्द वापरला. भाजीच्या रांगेत, सगळ्यांसमोर.

शनिवारी सकाळी सातला लॉवेलची गाडी आली. तो उतरला आणि मका, ओलावा, डास यांतलं काहीही न काढता अंगणात उभा राहिला. त्याची टोपी हातात होती. ऑर्लिनला वाटलं, कुणी वारलं.

"शाळेची खिडकी," लॉवेल म्हणाला. मग त्याला दम लागला.

"बस," ऑर्लिन म्हणाला.

"बसत नाही. बसलो तर मक्यावर जाईन."

असं ते सुरू झालं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत कार्लाबाईंच्या टेबलावर लोरिंग काउंटीतून नऊ पत्रं गेली होती. पहिली चार अजून जुन्या वळणाची होती. त्यांत दीड पान हवामान आणि तळाला, आणखी कुणाला नको असेल तर. पाचव्यापासून हवामान अर्ध्या पानावर आलं. नवव्यात ते नव्हतंच, फक्त पूर्वेकडच्या चर्चचा मनोरा किती कलला आहे ते आणि सही होती. बाईंनी प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तरात सुनावणीला येणार ना, हे तीन वेळा विचारलं, दोन-दोन ओळी सोडून. ज्यांना जुनी रीत सुटत नव्हती त्यांची त्यानं मोठी सोय झाली.

गोठ्याभोवती तोवर परांची उभी राहिली होती. पश्चिमेकडच्या कमानी नव्यानं वाकवून बसवल्या होत्या आणि वर सीडरच्या लाकडी पट्ट्या ठोकण्याचा आवाज दिवसभर चालू असे. हिम अजून पडलं नव्हतं, आणि पडलं तरी आता घाई कुणाला नव्हती. छपरांखेरीजच्या लहान दुरुस्त्यांसाठी शाळेची सुनावणी जवळ आली तसा लॉवेल रोज संध्याकाळच्या आत गोठ्यात येऊ लागला. ऑर्लिन त्याला मनोऱ्याशेजारी, जिथं गाईंची तोंडं असत तिथं, उभं करायचा आणि स्वतः पेंढीवर बसायचा.

"म्हण."

"जर कुणाची हरकत नसेल तर," लॉवेलनं सुरुवात केली.

"कुणाची नाहीये. पुढचं म्हण."

"मला खिडकी हवीय," लॉवेल कोटाच्या गुंडीला म्हणाला.

"मोठ्यानं."

लॉवेलनं श्वास घेतला आणि ओरडला. गोल भिंतीनं ते घेतलं, मनोऱ्याभोवती फिरवलं आणि पाठीमागून त्याच्याच कानात आणून सोडलं. एखादा धट्टाकट्टा अनोळखी माणूस शेजारी उभा राहून मागत असावा, तसं. लॉवेल दचकून मागं वळला. मग त्याला ते जरा आवडलं. त्यानं पुन्हा ओरडून पाहिलं.

वरची ठोकठोक थांबली. छपराच्या उरलेल्या भोकातून एका सुताराचं डोकं आत आलं.

"कसली हवीय?" त्यानं विचारलं. "दोन तावदानांची की चार?"

लॉवेलनं ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिननं काही मदत केली नाही.

"सहा," लॉवेल म्हणाला.